‘गोळी सुटली’ : शस्त्रापघातांच्या वृत्तान्ताची भाषा

नाशिकजवळ देवळाली येथे १० ऑक्टोबर २०२४ रोजी तोफा डागण्याचा सराव चालू असताना एका तोफगोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीर मरण पावले. दोघेही विशी-एकविशीतील होते. तोफ ‘इंडियन फील्ड गन’ या नावाने ओळखली जाणारी होती. देवळाली कॅम्प पोलिसांकडे अकस्मात मृत्यूची नोंद झाली व लष्कराने चौकशीचा आदेश दिला. पुढे काही दिवस नुकसानभरपाईवरून राजकीय वाद झाला, आणि वृत्तपत्रांतील चर्चा त्या वादाबरोबरच विरून गेली.

प्रस्तुत लेखात त्या स्फोटाचे कारण शोधावयाचे नाही. तो दारूगोळ्याच्या तज्ज्ञांचा प्रांत होय. येथे तपासावयाची आहे ती भाषा. म्हणजे अशा प्रसंगी आपण जे मराठी लिहितो, त्यात कारणाला शिरावयास कितपत जागा उरते, हा प्रश्न. हा प्रश्न केवळ शैलीचा आहे असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. ज्या वाक्यात कर्त्याला स्थान नाही त्या वाक्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही कर्त्यावाचूनच येते.

आरंभ क्रियापदापासून करू. ‘फुटणे–फोडणे’, ‘सुटणे–सोडणे’, ‘तुटणे–तोडणे’ या जोड्या मराठीच्या विद्यार्थ्याला परिचित आहेत. यांपैकी पहिले रूप अकर्मक, दुसरे सकर्मक. स्वरातील गुण आणि ‘ट’चा ‘ड’ हा फरक संस्कृतातील मूळ व प्रयोजक रूपांच्या भेदातून आलेला आहे. (‘स्फोट’ हा शब्दही याच कुळातला. आम्हां व्याकरणाच्या मंडळींना तो भर्तृहरीमुळे अधिक सौम्य अर्थाने ठाऊक आहे, तो भाग वेगळा.) अकर्मक रूप वस्तूलाच कर्तेपद देते. ‘गोळी सुटली’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता गोळी. जणू काही ती सुटावयाचीच होती आणि सुटली. ‘साफ करताना बंदुकीतून गोळी सुटली’ हे वाक्य मराठी वृत्तपत्राच्या वाचकाने किती वेळा वाचले असेल याची गणती नाही. त्यात साफ करणारा आहे, पण तो ‘करताना’ या धातुसाधितात दडलेला. मुख्य क्रियेशी त्याचा संबंध केवळ समकालीनतेचा. बंदूक साफ करावयाच्या आधी ती रिकामी आहे की नाही हे पाहावयाचे असते, ते पाहिले गेले नाही, ही गोष्ट वाक्यात कोठेच नाही.

याच्या विरुद्ध टोकाला ‘गोळी झाडली’, ‘स्फोट घडवला’ ही वाक्ये येतात. त्यांत कर्ता येतो, पण येतो तो हेतूसह. ‘स्फोट घडवला’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे घातपाती उभा राहतो. म्हणजे एकीकडे कर्ता नाही, दुसरीकडे कर्ता आहे पण गुन्हेगार आहे. लष्करी सरावातील अपघात या दोहोंच्या मधल्या प्रदेशात घडतात, आणि वृत्तलेखक त्या प्रदेशात पाय ठेवण्यास कचरतो. कोणावर आरोप करण्यापेक्षा गोळीलाच सुटू दिलेले बरे, असा हा व्यवहार आहे.

मराठीजवळ या मधल्या प्रदेशासाठी साधन नाही असे मात्र नव्हे. ‘माझ्या हातून काच फुटली’ हे वाक्य घ्या. ‘मी काच फोडली’ याहून ते वेगळे आहे आणि ‘काच फुटली’ याहूनही वेगळे आहे. क्रिया माझी, हेतू माझा नव्हे, तरी उत्तरदायित्व मी नाकारीत नाही. एवढा सगळा अर्थ ‘हातून’ या एका शब्दयोगी रूपात मावला आहे. घरातले पोरही या तीन वाक्यांतला भेद ओळखते आणि कोणते वाक्य केव्हा वापरावे हे त्याला चांगले कळते. इंग्रजीत ही सोय सहज नाही. म्हणूनच ब्रिटिश लष्कराला चुकून झालेल्या गोळीबारासाठी ‘निग्लिजंट डिस्चार्ज’ अशी संज्ञा करावी लागली, जिच्यात चौकशीपूर्वीच निष्काळजीपणा गृहीत धरलेला आहे. ‘ॲक्सिडेंटल’ म्हणावे तर दोष उरत नाही, ‘निग्लिजंट’ म्हणावे तर निर्णय आधीच झाला. आपला ‘हातून’ यांहून अधिक न्यायी आहे. पण वृत्तपत्रांच्या आणि सरकारी पत्रकांच्या मराठीत तो येत नाही. घरगुती म्हणून त्याला बाहेर ठेवले गेले असावे.

तथापि ‘हातून’लाही मर्यादा आहे, आणि देवळालीच्या प्रसंगात ती ठळकपणे जाणवते. हा शब्द शेवटच्या हातापर्यंतच पोचतो. तोफेजवळ उभा असलेला शिकाऊ सैनिक हा एका लांब साखळीचा शेवटचा दुवा असतो. गोळा कोठल्या तरी कारखान्यात भरला गेला, त्याला गट-क्रमांक व वर्ष मिळाले, तो कोठारात काही काळ राहिला, तेथून मैदानावर आला, त्याला फ्यूज बसवला गेला, नळी तपासली गेली, हुकूम दिला गेला, आणि मग कोणीतरी तो डागला. या प्रत्येक टप्प्यावर एकेक हात आहे. शेवटच्या हाताला ‘हातून’ लावून मोकळे होणे हा तोफेशेजारी मेलेल्या मुलांवर अन्यायच होईल. जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञाने ‘ह्यूमन एरर’ या १९९० च्या ग्रंथात प्रत्यक्ष चूक आणि व्यवस्थेत दीर्घकाळ सुप्त राहिलेले दोष यांतला जो भेद मांडला, तो या ठिकाणी उपयोगी पडतो. सुप्त दोषांना हात नसतात, म्हणून भाषा त्यांना सहज पकडीत नाही.

आता ‘अकस्मात मृत्यू’ या शब्दप्रयोगाकडे वळू. पोलिसांच्या दप्तरातील ही संज्ञा इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा अर्थ कोणी पाहत नाही. ‘कस्मात्’ म्हणजे ‘कशापासून, कोणत्या कारणाने’. त्याला नकारार्थी ‘अ’ लागला की ‘अकस्मात्’, म्हणजे ज्याला ‘कशामुळे’ नाही असे. कारण शोधण्यासाठी जी नोंद करावयाची तिचे नावच ‘निष्कारण’ असावे, ही गंमत नव्हे तर खेदाची गोष्ट आहे. व्यवहारात शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवर चालत नाही हे मला ठाऊक आहे, आणि ‘अकस्मात’ म्हणजे आज ‘एकाएकी’ हेही खरे. पण ‘एकाएकी’ हा अर्थ तरी येथे कितपत लागू पडतो? ‘अपघात’ हा शब्द या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. त्याच्या पोटात ‘हन्’ धातू आहे. विश्वासघात, आत्मघात यांच्याप्रमाणे घात करणारा त्यात गृहीत आहे. हिंदीतील ‘दुर्घटना’ ‘घट्’पासून, म्हणजे नुसते ‘घडणे’. अलीकडे मराठी वृत्तपत्रे ‘अपघाता’ऐवजी ‘दुर्घटना’ अधिकाधिक पसंत करू लागली आहेत. शब्द भारदस्त वाटतो, पण त्यात घातही नाही आणि घातकही नाही.

‘चौकशी’ या शब्दाची अडचण निराळी. दुकानात भावाची चौकशी होते, आजाऱ्याची चौकशी होते, आणि सरकारी नोकराच्या मागेही चौकशी लागते. पहिल्या दोन अर्थांत जिज्ञासा, तिसऱ्यात भीती. सैन्यातील ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ या संस्थेला मराठीत नाव देताना ‘चौकशी न्यायालय’ असे भाषांतर करण्याचा मोह होतो, पण ती न्यायालय नव्हे. १९५४ च्या लष्करी नियमांतील १७७ व्या नियमाप्रमाणे ती पुरावा गोळा करण्यासाठी आणि सांगितल्यास अहवाल देण्यासाठी भरलेली अधिकाऱ्यांची बैठक आहे. ज्याच्या चारित्र्याला वा लष्करी लौकिकाला बाधा येण्याचा संभव आहे त्याला हजर राहण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची संधी १८० वा नियम देतो. आणि १८२ वा नियम सामान्यतः त्या कामकाजाचा त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उपयोग होऊ देत नाही. हेतू उघड आहे. लोकांनी मोकळेपणाने बोलावे. ‘न्यायालय’ म्हटले की बोलणारा आरोपी होतो आणि मोकळेपणा संपतो; ‘चौकशी मंडळ’ हे नाव अधिक युक्त आहे. परंतु अशा मंडळांचे निष्कर्ष आपल्याकडे सामान्यतः प्रसिद्ध होत नाहीत. ज्याने बोलावे म्हणून एवढी तरतूद केली त्याच्या बोलण्याचा उपयोग पुढच्या तुकडीतील शिकाऊ मुलाला आणि त्याच्या घरच्यांना किती होतो, हा प्रश्न राहतोच.

निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे कारण ‘सुरक्षा’ हे सांगण्यात येते. येथेही भाषेने एक घोटाळा करून ठेवला आहे. शत्रूपासून राखणे ती सुरक्षा. यंत्रापासून, स्फोटकापासून, स्वतःच्या चुकीपासून माणूस राखणे ती सुरक्षितता. मराठीत हे दोन शब्द आहेत, पण लिहिताना दोहोंसाठी ‘सुरक्षा’ चालवला जातो. हिंदीत रेल्वेने ‘संरक्षा’ हा वेगळा शब्द रूढ करून ही अडचण काही अंशी दूर केली. विरारहून रोज गाडीने ये-जा करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना रेल्वे स्थानकांतील फलकांवर तो दिसतो. रेल्वेचे उदाहरण दुसऱ्याही कारणाने लक्षात ठेवावे. गंभीर रेल्वे अपघातांची चौकशी करणारे संरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या अधीन नाहीत. त्यांचे कार्यालय नागरी विमानवाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ज्याच्या घरात अपघात झाला त्यानेच त्याची चौकशी करू नये, एवढाच साधा विचार त्यामागे आहे. सैन्यात तसे नाही. गोपनीयतेची गरज सुरक्षेला असते, सुरक्षिततेला प्रसिद्धीची असते. आणि एकच शब्द दोहोंवर घातला की पहिली दुसरीला गिळते.

प्रसिद्ध झालेला अहवाल कसा असतो याचा एक नमुना पाहणे उद्बोधक होईल. १४ जून २०१७ रोजी वेल्समधील कॅसलमार्टिनच्या मैदानावर ब्रिटिशांच्या चॅलेंजर २ जातीच्या रणगाड्यात सरावाच्या वेळी स्फोट झाला व चौघांपैकी दोन सैनिक मेले. तोफेच्या मागील बाजूचा एक लहान भाग, जो स्फोटाचे उष्ण वायू आत येऊ देत नाही, तो काढलेला होता व परत बसवलेला नव्हता. अहवालातले मला लक्षणीय वाटलेले विधान ‘कोणी बसवला नाही’ हे नव्हे. तो भाग नसतानाही तोफ डागता येत होती, आणि डागण्यापूर्वीच्या तपासणीत त्याचे नाव नव्हते, हे ते विधान होय. शिवाय दारूच्या पिशव्या डब्यांत बंद न ठेवता बाहेर होत्या. या वाक्यांत व्यक्ती नाही, पण ती अकर्तृकही नाहीत. ‘तपासणीत नाव नव्हते’ म्हटले की तपासणीची यादी करणारा कोणी आहे हे आपोआप आले. त्यावर उपायही करता येतो. ‘स्फोट झाला’ यावर काय उपाय करणार?

आमच्याकडील सूचनापत्रांची भाषा याच्या उलट आहे. ‘-ण्यात यावे’ हा प्रयोग तिचा कणा. ‘काळजी घेण्यात यावी’, ‘दक्षता बाळगण्यात यावी’, ‘पाहणी करण्यात यावी’. घ्यावी कोणी, किती दिवसांनी, आणि घेतली हे कोणाला दाखवावे, याबद्दल वाक्य मूक आहे. कर्ता आणावयाचा झाल्यास ‘-कडून’ किंवा ‘-तर्फे’ लावता येते. पण या प्रयोगाची सारी सोय कर्ता न आणण्यातच आहे. इंग्रजी कचेरीच्या कर्मणि वाक्याचे हे मराठी प्रतिरूप आहे असे म्हणून आपण हात झटकतो. परंतु दोष प्रयोगाचा नाही, तो कोठे वापरला याचा आहे. समारंभाच्या वृत्तात ‘हार घालण्यात आला’ असे लिहिल्याने कोणाचा जीव जात नाही.

जुनी मराठी या बाबतीत किती नेमकी होती हे पाहावयाचे असेल तर अठराव्या शतकाच्या आरंभीचे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ उघडावे. दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी जे सांगितले आहे ते आजच्या शस्त्रागाराच्या नियमावलीत घालता येईल. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, वाऱ्याच्या दिशेचा विचार करावा, भोवती झाडांचे दाट कुंपण असावे. खाली तळघर, त्यात गच्च, त्यावर माच आणि माचावर दारू. बाण, होके यांची जागा निराळी. ओल लागू देऊ नये. आणि पुढे महत्त्वाचे ते येते. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा शिक्का करून ठेवावी. रखवालदारांनी रात्रंदिवस जागावे, परवान्याशिवाय कोणास आसपास येऊ देऊ नये. येथे विध्यर्थ आहे, पण त्याला ‘ने’ प्रत्यय लागलेला कर्ता आहे, मुदत आहे, कृतीचा क्रम आहे आणि झालेल्या कृतीची खूण, म्हणजे शिक्का, आहे. चौकशीच्या वेळी विचारावयाचे सारे प्रश्न वाक्यरचनेतच तयार आहेत. शिक्का होता का? कोणत्या दिवसाचा? हवालदार आला होता का?

पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे जी आग लागली, तीत अधिकारी, जवान आणि अग्निशामक दलाचे लोक मिळून १९ जण गेले. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून टी. एन. टी. स्रवत होते, हे त्या आगीच्या संदर्भात पुढे आले. ‘स्रवत होते’ या क्रियापदाकडे पाहावे. ते अपूर्ण वर्तमानकालीन कृदन्तापासून सिद्ध झाले आहे. म्हणजे ही घटना त्या पहाटेची नव्हे, ती आधीपासून चालू होती. आठ-पंधरा दिवसांचा हवालदार येथे आठवल्यावाचून राहत नाही. याच पुलगावाजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर तो उतरवून घेताना स्फोट झाला आणि सहा जण मेले. त्यांत कंत्राटावर आलेले आसपासच्या गावांतील मजूर होते. ‘उतरवताना’ या कृदन्तातला कर्ता या वेळी सैनिकही नव्हता. पेटी कशी धरावी हे ज्याला सांगितले असेल किंवा नसेल, असा तो रोजंदारीचा माणूस. सूचनापत्र कितीही चांगले असले तरी ते त्याच्यापर्यंत कोणत्या भाषेत पोचते?

आमच्या वसईला हा विषय इतिहासाने जोडून दिलेला आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांच्या वसई कोटाच्या सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग पेरले. (सुरुंग हा शब्द संस्कृतात ‘सुरुङ्गा’ या रूपाने ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असे मानतात, माणसे उडवण्याच्या विद्येत भाषाभगिनींनी कधी अस्पृश्यता पाळली नाही.) सुरुंग पेटले, पण सगळे एकदम उडाले नाहीत. काही उडताच मराठे खिंडाराकडे धावले आणि मागाहून उडालेल्या सुरुंगाने त्यांचीच माणसे घेतली. वसई पडली, आणि विजयाच्या कथेत हा तपशील एका वाक्याचा धनी झाला.

ज्याला आज शस्त्रविद्येत ‘हँग फायर’ म्हणतात ती हीच गोष्ट. चाप ओढला, बार झाला नाही. तो कायमचा फसला आहे की उशिरा व्हावयाचा आहे, हे त्या क्षणी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून ठरावीक वेळ थांबावयाचे, असा नियम आहे. मराठीत या स्थितीला शब्द नाही. आपण लगेच ‘बार फुसका गेला’ म्हणतो. हा भूतकाळ आहे, निकाल आहे. दिवाळीत वात जळून गेलेल्या फटाक्याकडे वाकून पाहणारे मूल याच निकालावर विसंबलेले असते. ‘बार अडला’ म्हणता येईल. अडलेले पुढे सुटू शकते, हा अर्थ त्या क्रियापदात आहे.

हुकुमाच्या भाषेत तर शब्दाचा आणि जिवाचा संबंध थेट आहे. इंग्रजांच्या काळात पहारेकऱ्याच्या ‘हू कम्स देअर’चे ‘हुकुमदार’ झाले, आणि ते चालले, कारण उच्चार बदलला तरी त्यावर करावयाची कृती बदलली नाही. राष्ट्रीय छात्रसेनेत वसई-विरारकडचा विद्यार्थी जातो तेव्हा त्याला शस्त्राचे हुकूम हिंदीत मिळतात. घरी तो वाडवळी बोलत असेल, सामवेदी, आगरी किंवा वारली बोलत असेल. शाळेत प्रमाण मराठी. हिंदी त्याला चित्रपटांतून आणि गाडीच्या डब्यातून येते. रायफल भरल्यावर ती रिकामी करण्याचा हुकूम आहे ‘खाली कर’. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामे. मराठीत ‘जागा खाली करणे’ एवढ्यापुरता तो अर्थ उरला आहे; एरवी ‘खाली’ म्हणजे जमिनीच्या दिशेला. हाताने वस्तू धरलेली असताना ‘खाली कर’ ऐकले तर मराठी कान पहिल्यांदा कोणता अर्थ घेईल, हे सांगावयास प्रयोगशाळा नको. भरलेली रायफल खाली करणे आणि रायफल रिकामी करणे यांत काय अंतर आहे ते सांगावयास नको. अनेक दिवसांच्या कवायतीने हा अर्थ बदलतो व हुकूम शब्द न राहता संकेत होतो, हे मान्य. पण पहिल्या दिवशी तो शब्दच असतो. हिंदी हुकूम बदलून मराठी करावेत असा माझा आग्रह नाही. सर्व प्रांतांतील मुले एका रांगेत उभी राहावयाची, तेव्हा एकच भाषा लागणार. प्रत्येक हुकुमाचा अर्थ शिकाऊ मुलाच्या भाषेत आधी तोंडी विचारून घ्यावा, आणि तो विचारून घेतला अशी नोंद शिक्षकाने आपल्या सहीने ठेवावी, एवढेच सुचवावयाचे आहे. ‘विचारून घेण्यात यावा’ असे मात्र त्या सूचनेत लिहू नये.